‘ई’ की ‘आय’: म्हापशातील एका इंग्रजी मसुदा-तपासणी सेवेचे परीक्षण

म्हापशाच्या बाजारपेठेच्या मागच्या बाजूला, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर झेरॉक्स, टायपिंग आणि लॅमिनेशनचे एक दुकान आहे. पाटीवर दुकानाचे नाव नाही. तेथे होणाऱ्या कामांची यादी तेवढी आहे आणि त्या यादीच्या तळाशी ‘इंग्रजी मसुदा तपासून मिळेल’ अशी एक ओळ आहे. हे परीक्षण त्या एका ओळीचे आहे. आत गेल्यावर यंत्रांच्या पलीकडे खिडकीजवळ एक टेबल लागते आणि तेथे माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेल्या इंग्रजीच्या एक शिक्षिका बसतात. गिऱ्हाईक कोणत्याही वयाचे असो, त्यांना सगळे ‘बाई’च म्हणतात, त्यामुळे येथेही त्यांचा उल्लेख तसाच येईल. साध्या मजकुराला पानामागे ६० रुपये आणि करारनाम्याला पानामागे १०० रुपये असा त्यांचा दर आहे. टंकलेखनाचे आणि छपाईचे पैसे दुकान वेगळे घेते.

पेडणे तालुक्यात आमचे वडिलोपार्जित घर आहे. मोपचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यावर त्या घरातल्या वापरात नसलेल्या खोल्या पाहुण्यांना देण्याचे माझ्या भावाने मनावर घेतले. पर्यटन व्यवसाय नोंदणीच्या १९८२ च्या कायद्याखाली नोंदणी करणे आले आणि तिच्यामागून कागदांची रांग आली: दरपत्रक, मेनू कार्ड, घराचे नियम, गॅसच्या खोलीवरची सूचना, जाहिरातीचा मजकूर आणि रस्त्याकडच्या गाळ्याचा भाडेपट्टा. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोकणी ही गोव्याची राजभाषा ठरली आणि मराठीच्या वापरालाही त्यात जागा ठेवण्यात आली, हे खरे. तरी पाहुण्याच्या हातात द्यायचा कागद इंग्रजीतच असावा लागतो, आणि मराठी माध्यमातून शिकलेल्या आम्हा दोघा भावांना इंग्रजी वाचता येत असले, तरी अटी-शर्ती लिहिण्याइतका हात बसलेला नाही. मसुदे पुतण्याने तयार केले. संगणकाने त्यांतल्या एकाही शब्दाखाली लाल रेघ ओढलेली नव्हती, म्हणून ते थेट छापायला द्यावेत असे त्याचे म्हणणे होते.

लाल रेघ न येण्याचे कारण साधे आहे. शुद्धलेखन तपासणारी साधी आज्ञावली टंकलेला शब्द तिच्या यादीत सापडतो की नाही, एवढेच पाहते. ज्या दोन शब्दांत एखाद्याच अक्षराचा फरक आहे आणि जे दोन्ही शब्द इंग्रजीत अस्तित्वात आहेत, त्यांची अदलाबदल झाली तर यंत्राच्या दृष्टीने सगळे आलबेल असते. मराठी वाचकाला हा प्रकार अनोळखी नाही. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब, सलिल म्हणजे पाणी आणि सलील म्हणजे लीलेने, हे शाळेतच घोकून घेतलेले असते. मात्र आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घाचा फरक निदान तत्त्वतः उच्चारात तरी असतो. इंग्रजीतल्या या जोड्यांपैकी अनेकींचा उच्चार तंतोतंत सारखा असतो आणि फरक केवळ लेखनात उरतो, त्यामुळे कानाची काहीच मदत होत नाही. देवनागरीत तर दोन्ही शब्द एकसारखेच उतरतात. म्हणून पुढील मजकुरात ज्या अक्षराने फरक पडतो त्याच्या नावाने मी शब्द ओळखणार आहे.

बाईंच्या कामाची पद्धत दरपत्रकाच्या पहिल्याच ओळीत दिसली. न्याहारीच्या पुढे ‘कॉम्प्लिमेंटरी’ हा शब्द होता आणि त्याच्या मध्यभागी ‘ई’ होता. बाईंनी पेन्सिलीने त्याभोवती गोल काढला, पण दुरुस्ती केली नाही. त्यांनी भावाला विचारले, “न्याहारी फुकट देता, की खोलीच्या भाड्यात धरली आहे?”

“भाड्यातच आहे, बाई. फुकट कुणाला परवडणार?”

“मग या दोहोंपैकी कुठलाच शब्द नको. न्याहारी भाड्यात समाविष्ट आहे, असे सरळ लिहा.”

मग त्यांनी जे समजावून सांगितले, ते कोणत्याही हॉटेलवाल्याने ऐकण्यासारखे होते. ‘ई’वाला कॉम्प्लिमेंट म्हणजे पूरक. एका वस्तूत जे उणे आहे ते दुसरीने भरून काढले, की दुसरी ही पहिलीची ‘ई’वाली कॉम्प्लिमेंट होते. भूमितीत ज्या दोन कोनांची बेरीज ९० अंश होते, त्यांना इंग्रजीत याच ‘ई’ने ओळखतात आणि मराठीत आपण त्यांना कोटिकोन म्हणतो. ‘आय’वाला कॉम्प्लिमेंट म्हणजे प्रशंसा किंवा अगत्य, आणि अगत्यापोटी दाम न घेता जे दिले जाते तेही ‘आय’वाले कॉम्प्लिमेंटरी. पाहुणा आल्यावर आम्ही त्याच्या हाती कोकम सरबताचा पेला देतो, तो ‘आय’चा. न्याहारीचे पैसे भाड्यात घेऊन तिला ‘आय’ लावणे हा धंद्यातला रिवाज असला, तरी बाईंना तो पसंत नाही. ‘ई’ लावणे तर निखालस चूकच, कारण मग न्याहारी ही खोलीला पूरक आहे असा काहीतरी अर्थ निघतो आणि ती फुकट आहे की नाही हे मोघमच राहते.

मेनू कार्डावर नेमकी उलट गफलत होती. सुंगटांच्या हुमणाबरोबर, म्हणजे कोळंबीच्या आमटीबरोबर, सोलकढी छान लागते, असे पुतण्याला सांगायचे होते आणि त्याने क्रियापद ‘आय’चे वापरले होते. त्या वाक्याचा शब्दशः अर्थ सोलकढी हुमणाची तारीफ करते असा होतो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ‘आय’ खोडून ‘ई’ केला आणि समासात एवढेच लिहिले की पूर्ण करणे या अर्थाच्या ‘कम्प्लीट’ या शब्दातला ‘ई’ येथे राहिला आहे, तो लक्षात ठेवावा. ही खूण वरवरची नाही. दोन्ही शब्दांचे मूळ भरणे, पुरे करणे या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूत आहे. पुरे करण्यातूनच शिष्टाचार पुरा करणे, रीत पाळणे असा अर्थ इटालियन आणि फ्रेंचमध्ये पुढे आला आणि तेथून तो सतराव्या शतकात ‘आय’ घेऊन इंग्रजीत उतरला. त्याआधी इंग्रजीत अगत्याचा अर्थही ‘ई’वाल्या लेखनातच सांगितला जात असे.

येथे गोव्याच्या वाचकासाठी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. पणजीच्या लायसियममध्ये, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या माध्यमिक शाळेत, पोर्तुगीज शिकलेल्या पिढीला याच घराण्यातली दुसरी जोडी ठाऊक होती. पोर्तुगीजमध्ये ‘कुंप्रिमेंतु’ म्हणजे नमस्कार, अभिवादन. ‘कोंप्रिमेंतु’ म्हणजे लांबी. पहिल्या अक्षरातला एक स्वर बदलला की पत्राच्या शेवटी अभिवादनाऐवजी लांबी पाठवली जाते. त्या भाषेतही मुले यात चुकतात आणि मास्तर ओरडतात. तेव्हा हा गोंधळ केवळ इंग्रजीचा खोडसाळपणा मानण्याचे कारण नाही.

यंत्राच्या बाजूने एक सांगायला हवे. अलीकडची तपासणी-साधने शेजारचे शब्द पाहून अंदाज बांधतात आणि पुष्कळदा तो बरोबर येतो. न्याहारीच्या शेजारी ‘ई’ दिसला तर ती ‘आय’ सुचवतील, कारण लोक बहुधा तसे लिहितात. पण न्याहारीचे पैसे घेतले जातात की नाही, हे ती विचारत नाहीत; त्यांना ते विचारण्याचे कारणही कळत नाही. ६० रुपयांत जे मिळते ते नेमके हे विचारणे आहे, आणि माझ्या मते याच कारणासाठी ही सेवा घ्यावी.

याचा खरा प्रत्यय भाडेपट्ट्यात आला. रस्त्याकडचा गाळा दुचाकी भाड्याने देणाऱ्या एका तरुणाला द्यायचा होता आणि त्याचा मसुदा पुतण्याने आंतरजालावरच्या कुठल्याशा नमुन्यावरून बेतला होता. त्यात जागोजाग ‘लेसॉर’ आणि ‘लेसी’ हे दोन शब्द होते. हे शब्द दिसायला सख्खे भाऊ असले, तरी करारात एकमेकांच्या समोर बसतात. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०५ प्रमाणे मिळकत भाडेपट्ट्याने देणारा तो लेसॉर आणि घेणारा तो लेसी. दोन महिन्यांची नोटीस देऊन कारण न दाखवता करार संपवण्याचा अधिकार भावाने स्वतःकडे ठेवायचा ठरवला होता. मसुद्यात त्या कलमात लेसी पडला होता. व्याकरण निर्दोष, शब्दलेखन निर्दोष, वाक्य वाचायला गुळगुळीत. फक्त अधिकार पलीकडच्या माणसाला गेलेला. दोन्ही शब्द त्या जागी सारखेच चपखल बसत असल्यामुळे शेजारचे शब्द पाहून अंदाज करणाऱ्या यंत्रालाही येथे काही वावगे दिसले नसते. बाईंना ते दिसले, याचे कारण त्यांनी प्रत्येक कलम वाचून झाल्यावर “हे कोण करणार?” असा एकच प्रश्न विचारला आणि भावाचे उत्तर कागदाशी ताडून पाहिले.

अशा जोड्या कशा ओळखायच्या, हे त्यांनी थोडक्यात सांगितले. शेवटी ‘ओआर’ असेल तो क्रिया करणारा, म्हणजे देणारा. शेवटी दोन ‘ई’ असतील त्याच्या पदरात ती क्रिया पडते, म्हणजे तो घेणारा. हे दोन ‘ई’ फ्रेंच कर्मणी धातुसाधितातून आले आहेत. आपल्या जुन्या दस्तांत ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ अशी नावे असत आणि त्यांत कोणाचा कोण होणे शक्य नसे. इंग्रजी मसुद्यात मात्र पहिल्या पानावरच ‘लेसॉर, म्हणजे यापुढे मालक’ आणि ‘लेसी, म्हणजे यापुढे भाडेकरू’ असे लिहून नंतर सर्वत्र मालक आणि भाडेकरू याच अर्थाचे साधे शब्द वापरावेत, अशी त्यांची सूचना होती आणि ती आम्ही मानली.

याच ओघात त्यांनी गहाणाची जोडी काढली. आमच्या कागदात ती नव्हती, पण घरावर कर्ज काढणाऱ्या प्रत्येकाच्या कागदात ती असतेच. ‘मॉर्गेजॉर’ आणि ‘मॉर्गेजी’ यांत बँक कोणती, असे विचारल्यावर भावाने आणि मी एकाच वेळी पहिल्या शब्दाकडे बोट दाखवले, कारण देणारा तो ‘ओआर’ आणि कर्ज तर बँक देते. बाई या उत्तराची वाटच पाहत असाव्यात. येथे जे दिले जाते ते कर्ज नव्हे, गहाण आहे. गहाण देतो तो कर्जदार, म्हणून कर्जदार हा मॉर्गेजॉर. आणि गहाण घेते ती बँक, म्हणून बँक ही मॉर्गेजी. त्याच कायद्याचे कलम ५८ हेच सांगते. नियम खरा आहे, पण कोणती वस्तू या हातातून त्या हातात जाते हे आधी ठरवल्याशिवाय तो उपयोगी पडत नाही. एवढे सांगून झाल्यावर त्यांनी कागद परत केला आणि करार वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये, असे बजावले. आपल्या कामाची सीमा कोठे संपते हे त्यांना माहीत आहे, आणि मसुदे लिहून देणाऱ्यांच्या धंद्यात हे क्वचितच आढळते.

गॅसच्या खोलीवरच्या सूचनेचा प्रश्न सर्वांत चमत्कारिक होता, कारण त्यात दोन सारख्या दिसणाऱ्या शब्दांचा अर्थ वेगळा नसून एकच निघाला. पुतण्याने ‘इनफ्लेमेबल’ लिहिले होते, आणि त्यात त्याची चूक नव्हती. राष्ट्रीय महामार्गावरून जाणाऱ्या गॅसच्या आणि पेट्रोलच्या टँकरवर हाच शब्द मोठ्या अक्षरांत रंगवलेला असतो. त्याचा अर्थ लगेच पेट घेणारे. ‘फ्लेमेबल’ याचाही अर्थ लगेच पेट घेणारे. आरंभीचा ‘इन’ पाहून शब्द नकारार्थी असावा असे वाटणे साहजिक आहे, कारण ‘इनव्हिजिबल’ म्हणजे अदृश्य आणि ‘इनकरेक्ट’ म्हणजे चुकीचे. पण लॅटिनमधले ‘इन’ दोन आहेत. एक नकार दाखवतो आणि दुसरा आत, आतवर अशा अर्थाचा आहे; आत ज्वाला शिरणे या अर्थाच्या क्रियापदाला हा दुसरा लागला आहे. शरीराच्या दाहाला डॉक्टर जो शब्द वापरतात, तोही यातूनच आला. संस्कृत उपसर्गांची सवय असलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागू नये. विशुद्धमधला ‘वि’ शुद्धपणा वाढवतो आणि विफलमधला ‘वि’ फळ काढून घेतो, तरी विशुद्ध तूप म्हणजे भेसळीचे तूप असे कोणी समजत नाही.

तुपाच्या बाबतीत ठीक आहे, गॅसच्या बाबतीत नाही. कोणी एकाने जरी ‘इन’चा अर्थ नकार असा लावला आणि सिलिंडरशेजारी सिगारेट पेटवली, तर व्युत्पत्ती सांगायला कोणी उरणार नाही. म्हणूनच अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२० च्या दशकात आखूड शब्दाचा आग्रह धरला आणि ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशननेही १९५९ मध्ये संदिग्धता टाळण्यासाठी ‘फ्लेमेबल’ आणि त्याच्या उलट अर्थी ‘नॉन-फ्लेमेबल’ हेच शब्द वापरावेत असे धोरण जाहीर केले. बाईंनी आमच्या सूचनेतला ‘इन’ काढला आणि खाली ज्वालेचे चित्र आणि मराठीत ‘येथे आग लावू नये’ अशी ओळ घालायला सांगितली. आपल्याकडच्या नजरेला टँकरवरचा शब्द सवयीचा आहे, हे मला मान्य आहे. तरीही निरनिराळ्या देशांतून येणाऱ्या पाहुण्यांसाठी हीच दुरुस्ती योग्य होती.

मेनू कार्डावरचे बाकीचे दोष पटकन सांगता येतील. बेबिंका या थरांच्या गोड पदार्थाच्या वर ‘डेझर्ट’ असे शीर्षक होते, पण एका ‘एस’चे, म्हणजे वाळवंट. जेवणानंतरच्या गोडाला दोन ‘एस’ लागतात, कारण तो शब्द ताटे उचलणे, मेज आवरणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला आहे. ज्या पदार्थाला २०२३ मध्ये गोव्याच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले, तो वाळवंटात ठेवणे बरे दिसत नाही. पण त्यामुळे कोणाचे नुकसानही होत नाही. घराच्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत शांतता राखण्याची विनंती होती आणि तिच्यात शांत या अर्थाच्या ‘क्वाएट’ची शेवटची दोन अक्षरे उलटून ‘क्वाइट’ झाला होता. तो शब्द बराच, अगदी अशा अर्थाचा असल्यामुळे विनंती ‘कृपया अगदी’ एवढ्यावरच थांबली होती.

जाहिरातीच्या मजकुराला मात्र वेळ लागला. पावसाळ्यातल्या गोव्याचे वर्णन करताना पुतण्याने मातीचा वास, पागोळ्यांचा आवाज आणि गरम चहा यांना मिळून ‘सेन्शुअल’ अनुभव म्हटले होते. बाईंनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिले. हा शब्द आज देहसुखाच्या, कामुकतेच्या अर्थाने वाचला जातो आणि गोव्यातल्या एखाद्या घराच्या जाहिरातीत तो आला, तर कसले फोन येतील याची कल्पना त्यांनी त्याला मोजक्या शब्दांत दिली. डोळे, कान, नाक, जीभ यांना सुखावणारे एवढेच म्हणायचे असेल, तर त्यासाठी ‘सेन्शुअस’ आहे. गंमत अशी की ‘सेन्शुअल’ला चिकटलेला हा वास टाळता यावा म्हणूनच कवी मिल्टनने १६४१ मध्ये ‘सेन्शुअस’ हा शब्द वापरात आणला, असे मानले जाते. पण आता त्यालाही थोडा तोच वास लागला आहे. अखेर दोन्ही शब्द गेले आणि मातीचा वास, पागोळ्या आणि चहा एवढेच राहिले. मजकूर त्याने सुधारला, असे माझे मत आहे.

त्याच मजकुरात आमच्या घराला ‘हिस्टॉरिक’ म्हटले होते. बाईंनी विचारले, “इतिहासात नोंद व्हावी असे या घरात काय घडले?”

भाऊ जरा विचार करून म्हणाला, “आमच्या पणजोबांचे लग्न.”

इतिहासाला वळण देणारे ते ‘हिस्टॉरिक’, इतिहासाशी किंवा गतकाळाशी निव्वळ संबंध असलेले ते ‘हिस्टॉरिकल’. पहिला शब्द आमच्या बाल्कांवाला, म्हणजे दारापुढच्या ओसरीला, पेलणारा नव्हता आणि दुसऱ्यातून काही विशेष सांगितले जात नव्हते. पोर्तुगीज काळातले जुने घर, असे लिहायचे ठरले. पुतण्या थोडा हिरमुसला, पण पाहुण्यांनी येऊन निराश होण्यापेक्षा ते परवडले.

आता या सेवेत काय खटकले ते सांगतो. बाईंना सगळ्या जोड्या सारख्याच महत्त्वाच्या वाटतात आणि मला तसे वाटत नाही. परवाना या अर्थी नाम असेल तर ‘लायसन्स’मध्ये दुसरा ‘सी’ आणि परवाना देणे असे क्रियापद असेल तर त्या जागी ‘एस’, हा ब्रिटिश लेखनाचा नियम आहे. अमेरिकेत दोन्हीकडे ‘एस’ चालतो. नियमांच्या पानावर नाम असूनही ‘एस’ पडला होता, तेवढ्यासाठी त्यांनी छापून झालेले पान पुन्हा छापायला लावले आणि त्याचे पैसे आम्हीच भरले. पाहुण्यांपैकी निम्मे लोक तो ‘एस’ बरोबरच मानणार होते. लेखनसाहित्याच्या दुकानांवर ‘ई’ऐवजी ‘ए’ लिहून दुकान ‘स्टेशनरी’, म्हणजे जागचे न हलणारे, ठरवणाऱ्या पाट्या गोव्यात वाटेल तितक्या दिसतात, आणि वही घ्यायला निघालेला मुलगा त्यामुळे वाट चुकत नाही. त्यात ‘ए’वाल्यांची बाजू अगदीच पडकी नाही. फिरत्या विक्रेत्यांहून वेगळा, एका जागी दुकान मांडून विद्यापीठाशेजारी पुस्तके विकणारा तो मध्ययुगातला स्टेशनर, आणि त्याच्याकडे मिळते ती स्टेशनरी. म्हणजे मुळात दुकान जागचे न हलणारेच होते. लेसी आणि लेसॉर यांच्या अदलाबदलीने गाळा अडकतो, तर या ‘ए’ने फार तर एखाद्या शिक्षकाच्या कपाळाला आठी पडते. तपासणाऱ्याने गिऱ्हाइकाला हा फरक सांगायला हवा आणि पुन्हा छपाईचा खर्च करायचा की नाही, हे त्याच्यावर सोडायला हवे. बाई ते सोडत नाहीत.

दुसरी अडचण म्हणजे त्या सगळे तोंडी सांगतात. समासातल्या पेन्सिलीच्या खुणा बारीक आणि पुसट असतात, आणि घरी येईपर्यंत कोणत्या शब्दाला ‘ई’ आणि कोणत्याला ‘आय’ हे पुन्हा घोळायला लागते. आम्ही मागितल्यावर त्यांनी एका कोऱ्या कागदावर सगळ्या जोड्या लिहून दिल्या, पण प्रत्येक गिऱ्हाइकाला असा कागद न मागता मिळायला हवा. फोनवर पाठवलेला फोटो किंवा फाइल त्या तपासत नाहीत. कागदावर छापून, ओळींमध्ये भरपूर जागा सोडून न्यावे लागते, आणि ती प्रत दुकानातच काढली तर तिचे पैसे पडतात. माहितीसाठी येथे आणखी एक गोष्ट नोंदवतो. ज्याला इंग्रजी मजकूर आयता लिहून हवा आहे, त्याने येथे येऊ नये. बाई लिहून देत नाहीत. लिहिलेले वाचतात आणि प्रश्न विचारतात. ज्याला आपल्या कागदात नेमके काय म्हणायचे आहे हेच ठरवलेले नसेल, त्याला ते प्रश्न जाचक वाटतील.

शुक्रवारी म्हापशाचा आठवड्याचा बाजार असल्यामुळे त्या भागात गाडी लावायला जागा मिळत नाही आणि दुकानातही आधार कार्डाच्या झेरॉक्ससाठी रांग असते. त्या दिवशी बाई बसतात, पण ऐकू काही येत नाही. दुपारी १ नंतर दुकान विश्रांतीसाठी बंद होते आणि साडेतीनच्या पुढे उघडते, तेव्हा सकाळी लवकर जाणे बरे. लहान मजकूर समोर बसून तपासून मिळतो. करारनामा मात्र त्या ठेवून घेतात आणि दुसऱ्या दिवशी करारातली देणारी-घेणारी जी माणसे असतील त्यांपैकी निदान एकाला समोर बसवून वाचतात. ज्याच्या नावाने करार आहे तो स्वतः न येता पुतण्याला किंवा मुलाला पाठवतो, तेव्हा कागद तसाच परत येतो. पावती हवी असेल तर मागावी लागते.